उंबऱ्याशी अडलेलं बंदर

समजा, चाळीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशी सपाट बुडाची एक बार्ज नदीत उभी आहे. पाणी दहा सेंटिमीटरने, म्हणजे जेमतेम हाताच्या पंजाएवढं उतरलं. बुडाखालचा खडक काही खाली सरकत नाही. तेव्हा बार्जलाच दहा सेंटिमीटर वर यावं लागतं, आणि त्यासाठी तिच्यातून चाळीस टन माल काढावा लागतो. सिमेंटच्या पोत्यांत मोजला तर आठशे पोती. एका काफिल्यात अशा पाच बार्ज असतील तर चार हजार पोती खालच्या बंदरातच राहिली. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बांगी. तिथल्या नदीबंदराचं सगळं जगणं या गणितावर चालतं.

बांगी उबांगी नदीच्या उजव्या काठावर आहे. समोरच्या काठावर झोंगो, म्हणजे दुसरा देश, काँगो लोकशाही प्रजासत्ताक. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाला समुद्र नाही. नदीने खाली गेलं तर विषुववृत्त ओलांडून उबांगी काँगो नदीला मिळते आणि सुमारे 1,200 किलोमीटरवर ब्राझाव्हिल येतं. पुढे लिव्हिंग्स्टन धबधब्यांची लांबलचक माळ असल्याने बोट जाऊच शकत नाही. म्हणून तिथून माल रेल्वेवर चढतो आणि आणखी 510 किलोमीटर जाऊन प्वांत-न्वार या समुद्रबंदरात पोचतो. उलट दिशेने येणारं पोतं जहाजातून वाघिणीत, वाघिणीतून बार्जमध्ये, बार्जमधून बांगीच्या धक्क्यावर आणि तिथून ट्रकमध्ये पडतं. प्रत्येक चढउतारीला मजुरी द्यावी लागते, थोडी फूटतूट होते, कागद पुन्हा तपासले जातात आणि दिवस जातात. तरीही टनामागचा खर्च पाहिला तर जड आणि घाई नसलेल्या मालाला नदीसारखी स्वस्त वाट नाही. सिमेंट, इंधन, मीठ, साखर वर येणार; लाकूड, कापूस, कॉफी खाली जाणार, असा या वाटेचा जुना शिरस्ता. एके काळी चाडचा मालही बांगीपर्यंत नदीने यायचा आणि तिथून रस्त्याने उत्तरेला जायचा.

बंदराचा पसारा तसा मोठा नाही. किरकोळ आणि पोतीबंद मालाचा धक्का शहराला लागून आहे; त्यामागे गोदामं आणि कस्टम्सचं आवार. लाकडाच्या ओंडक्यांसाठीची जागा खालच्या अंगाला, आणि इंधनाच्या टाक्या कोलोंगोला, वस्तीपासून जरा बाजूला. सागरी बंदर डोळ्यांसमोर आणून कोणी इथे आलं तर त्याला हे अपुरं वाटेल. पण नदीबंदराची खरी अडचण धक्क्याच्या लांबीत नसते, पाण्याच्या चढउतारात असते. पुरात आणि उन्हाळ्यात इथल्या पातळीत दोन मजल्यांइतका फरक पडतो. ऑक्टोबरात बार्ज धक्क्याच्या बरोबरीला लागते. मार्चमध्ये तीच बार्ज, आलीच तर, खोल खाली दिसते आणि मधल्या उतारावर चिखल नि दगड उघडे पडतात. मग माल फळीवरून, पाठीवरून, डोक्यावरून वर न्यायचा. यारीचा हात कितीही लांब असला तरी तो नदीच्या मागे मागे खाली उतरत नाही.

हा चढउतार एवढा टोकाचा का? मूळ काँगो नदीला विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचं पाणी मिळतं. उत्तरेला पाऊस ओसरतो तेव्हा दक्षिणेला लागलेला असतो, त्यामुळे ती वर्षभर भरल्या अंगाने वाहते. उबांगीचं तसं नाही. उएले आणि म्बोमू या दोन नद्या याकोमापाशी मिळून ती बनते, आणि बांगीपर्यंतचं तिचं सुमारे 4,89,000 चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र सगळं विषुववृत्ताच्या उत्तरेला. पावसाळा एकच, म्हणून पूरही एकच. पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात कळसाला पोचतं आणि मार्च-एप्रिलमध्ये तळाला जातं. सेकंदाला दहा हजार घनमीटरांच्या वर वाहणारी नदी काही महिन्यांत हजाराच्याही खाली येते.

शहराचं नावच या नदीच्या स्वभावावरून पडलं आहे. बोबांगी भाषेत बांगी म्हणजे नदीतला खळाळ, खडकांवरून उड्या घेणारं पाणी. 1885 च्या सुरुवातीला जॉर्ज ग्रेनफेल हा बाप्टिस्ट मिशनरी ‘पीस’ नावाची वाफेची बोट घेऊन उबांगीने वर आला आणि झोंगोच्या या खळाळापाशी थांबला. 1889 मध्ये फ्रेंचांनी इथेच ठाणं टाकलं. जिथे बोटीला थांबावंच लागतं तिथे माल उतरतो, आणि जिथे माल उतरतो तिथे गाव वसतं. बांगी वसली ती नदीने तिथे वाट अडवली म्हणून. मला या बंदराची ही सगळ्यात मूळची गोष्ट वाटते.

आणि नदीने या देशाला नुसतं शहर दिलं नाही, भाषाही दिली. सांगो ही आजची राष्ट्रभाषा. तिचं मूळ उबांगीच्या वरच्या काठावरच्या ङ्बांदी बोलीत आहे. वल्ही मारणारे, माल वाहणारे, काठाकाठाने देवघेव करणारे आणि वसाहतीच्या ठाण्यांवर कामाला लागलेले लोक ती बोलू लागले, आणि बोटींबरोबर ती गावोगाव गेली. सवानातला शेतकरी आणि दक्षिणेच्या जंगलातला शिकारी आज एकमेकांशी बोलतात ते या भाषेत. 1991 पासून फ्रेंचबरोबर तीही अधिकृत आहे. सांगोत पाण्याला ‘ङ्गू’ म्हणतात. खलाशांच्या तोंडून घडलेली भाषा साऱ्या देशाची झाली, अशी उदाहरणं जगात फार नाहीत.

आता उंबऱ्याकडे. बांगीचा स्वतःचा खळाळ शहराच्या वरच्या बाजूला आहे. खालून येणाऱ्या बोटींना त्याचा त्रास नाही. त्रास आहे तो नव्वदएक किलोमीटर खाली, लोबाये भागातल्या जिंगा गावापाशी. तिथे नदीच्या तळातून खडकाचा एक कठीण पट्टा आडवा गेला आहे. घराला उंबरा असतो तसा तो नदीला आहे. पुराच्या दिवसांत तो कुठे आहे हे वाकबगार तांडेलालाच कळतं. उन्हाळ्यात पाणी त्याच्यावरून पातळ थराने सरकतं आणि लांबून आलेली बार्ज राजधानीच्या दारात येऊन अडते. गाळ असता तर उपसून काढता आला असता. वाळूचे पट्टे दर पुरात जागा बदलतात, पण ते हलवता तरी येतात. खडकाला सुरुंग लावायचा म्हटलं तर खर्च मोठा. शिवाय उंबरा जास्त फोडला तर वरचं साठून राहणारं पाणी वाहून जाऊन तिथली खोली कमी होते, ही भीती वेगळीच.

जुन्या लोकांनी यावर शोधलेला उपाय बघण्यासारखा आहे. त्यांनी जिंगा ते मोंगो अशी सात-साडेसात किलोमीटरांची अरुंद रेल्वे टाकली. खालून आलेली बार्ज उंबऱ्याच्या अलीकडे थांबायची, माल छोट्या वाघिणींत चढायचा, खडक मागे टाकून पुन्हा बोटीत उतरायचा आणि बांगीला जायचा. एवढ्या मोठ्या देशातली ती एकुलती एक रेल्वे, आणि तिचं आयुष्यभराचं काम काय, तर एका खडकाला वळसा घालणं. स्वातंत्र्याच्या सुमारास ती बंद पडली. 2006 मध्ये देशाने युनेस्कोकडे जागतिक वारशासाठी जी संभाव्य यादी दिली तिच्यात जिंगाच्या या आगगाडीचे अवशेष आहेत. जंगलात गंजत पडलेल्या त्या लोखंडाला देशाने आपला ठेवा म्हणावं, हे मला फार योग्य वाटतं.

दुसऱ्या, मोठ्या रेल्वेची गोष्ट मात्र सांगताना जीव जड होतो. ब्राझाव्हिल ते प्वांत-न्वार हा काँगो-ओसेआँ मार्ग 1921 ते 1934 या काळात बांधला गेला. त्याशिवाय बांगीचं बंदर म्हणजे अर्धी वाट. पण तो बांधायला माणसं आणली ती सक्तीने, आणि मोठ्या संख्येने याच भागातून: उबांगी-शारी या तेव्हाच्या वसाहतीतून आणि चाडमधल्या सारा लोकांच्या मुलखातून. त्यांना बार्जमध्ये कोंबून याच नदीने खाली नेलं गेलं. उपासमार, आजार आणि मायोंबच्या डोंगरातल्या बोगद्यांचं काम यांत किमान 17,000 मजूर मेले असं मानलं जातं. बरेच अभ्यासक हा आकडा याहून जास्त धरतात. 1925 मध्ये आंद्रे जीद हा फ्रेंच लेखक बोटीने बांगीला आला आणि परतल्यावर त्याने वसाहतीतल्या कंपन्यांच्या जुलमाबद्दल लिहिलं. अल्बेर लाँद्र या पत्रकाराने 1929 मध्ये रेल्वेवरच्या मृत्यूंबद्दल लिहिलं. पॅरिसमध्ये गदारोळ झाला, काम मात्र चालूच राहिलं. आज बांगीला उतरणारं सिमेंटचं पोतं त्या रुळांवरून येतं. बंदराचा परिचय लिहिताना धक्के आणि गोदामं मोजायची आणि ही माणसं मोजायची नाहीत, हे मला जमणार नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं या मार्गाची भरभराटीची. तेव्हा बोटी जवळजवळ बारमाही चालत. मग 1970 च्या सुमारास पाऊस कमी होऊ लागला आणि 1980 च्या दशकात नदीने आणखी एक पायरी खाली घेतली. बांगीला 1911 पासून पाण्याची नोंद ठेवली जाते, म्हणून हे नुसतं म्हाताऱ्यांचं गाऱ्हाणं म्हणून सोडून देता येत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की पाऊस थोड्याच टक्क्यांनी घटला, पण नदीचं पाणी त्याच्या कितीतरी पट घटलं. दोन-चार वर्षं ओढीची गेली की जमिनीच्या पोटातला साठा खाली जातो. मग चांगला पाऊस झाला तरी आधी जमीन पिते आणि नदीला उरलंसुरलं मिळतं. उन्हाळ्यात नदीला जिवंत ठेवतो तो हाच पोटातला साठा. तो आटला आणि बोटींचा मोसम आखडत साधारण अर्ध्या वर्षावर आला.

अर्ध्या वर्षाचं बंदर चालवणं म्हणजे काय, हे मालकाच्या जागी बसून बघावं. पुशर बोट, बार्ज, इंजिन, नावाडी, धक्क्यावरचे हमाल यांचा खर्च बारा महिने. कमाई सहा महिने. व्यापाऱ्याला डिसेंबरात मालाची खात्री हवी असते. ती देता येत नाही म्हणून तो ट्रककडे वळतो. माल ट्रककडे गेला की नदीच्या देखभालीचा पैसा आटतो, खुणा लावणं आणि गाळ काढणं मागे पडतं, आणि मग पाणी असूनही मार्ग धोक्याचा होतो. रात्री दिवे नसलेल्या नदीत काफिला चालवायचा नाही, म्हणून अंधार पडला की काठाला लागायचं. प्रवास आणखी लांबतो. 1999 मध्ये काठावरच्या देशांनी मिळून काँगो-उबांगी-सांघा खोऱ्यासाठी आयोग स्थापला, त्याचं मुख्यालय किन्शासात आहे. एकाच नदीत तीन देशांचे कायदे चालत असतील तर अशी संस्था हवीच. पण संस्था खुणेचा खांब रोवू शकते, पाणी आणू शकत नाही.

माल मग जातो कुठे? कॅमेरूनच्या दुआला बंदरातून बांगीपर्यंत सुमारे 1,400 किलोमीटरचा रस्ता आहे. देशाचा बहुतेक सगळा व्यवहार आज त्याच्यावर आहे. नदी आणि रस्ता एकमेकांना धरून राहिले तर एक बंद पडल्यावर दुसरा सावरून घेतो. 1998 मध्ये पलीकडच्या काँगोत युद्ध पेटलं, उबांगीचा डावा काठ जाँ-प्येर बेम्बाच्या बंडखोरांच्या हाती गेला आणि नदीची वाहतूक बंद पडली. त्या वर्षांत बांगीला इंधनासाठी तिष्ठावं लागलं. रस्ता होता म्हणून शहर तगलं. उलट प्रसंग 2020 च्या डिसेंबरात आला. निवडणुकीच्या तोंडावर बंडखोरांनी दुआलाचा रस्ता तोडला. राजधानीत भाव कडाडले, सीमेवर ट्रकच्या रांगा लागल्या, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांच्या पहाऱ्यात पहिला ताफा बांगीत शिरला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. त्या आठवड्यांत नदी कुठे होती? जानेवारी-फेब्रुवारीत उबांगी उतरणीला लागलेली असते, जिंगाचा उंबरा वर येत असतो. रस्ता तुटला तो नेमका अशा मोसमात. या बंदराचं महत्त्व टनांच्या वार्षिक आकड्यावरून ठरवणाऱ्यांनी ते दोन महिने आठवावेत. दुसरी वाट शाबूत ठेवण्याची किंमत पहिली वाट बंद पडते त्या दिवशी कळते.

नदीच्या वरच्या अंगाला पालाम्बो इथे धरण बांधून पुराचं पाणी साठवायचं आणि उन्हाळ्यात सोडून बोटींना खोली द्यायची, ही कल्पना जुनी आहे. तितकीच जुनी दुसरी कल्पना म्हणजे उबांगी खोऱ्यातलं पाणी उचलून शारी नदीवाटे आटत चाललेल्या चाड सरोवराला द्यायचं. 2018 मध्ये अबुजाच्या परिषदेत तिच्यावर पुन्हा चर्चा झाली. सरोवराकाठच्या लोकांची तहान खरी आहे, तिला कोणी कमी लेखू नये. पण बांगीच्या धक्क्यावर उभं राहून ऐकलं तर प्रश्न साधा आहे: पाणी कोणत्या महिन्याचं न्यायचं? ऑक्टोबरचं नेलं तर नदीला जाणवणारही नाही. मार्चचा एक हंडाही तिच्यापाशी जास्तीचा नाही.

बोटी बंद असतात तेव्हा नदीकाठ ओस पडत नाही. लाकडी डोण्या कसाव्याची पोती, धुरावलेले मासे, जळण घेऊन येतात आणि झोंगोशी ये-जा चालू राहते. त्यांना वीतभर पाणी पुरतं. उघड्या पडलेल्या पात्रातून माणसं बुडी मारून वाळू काढतात आणि डोणीत भरतात. शहरातली घरं त्या वाळूवर उभी राहतात.

मग पाऊस लागतो आणि मोजपट्टीवर पाणी एकेक खूण चढू लागतं. मोसमाच्या सुरुवातीचा काफिला पूर्ण भरत नाहीत, पाणी जेवढी परवानगी देईल तेवढाच माल घेतात. पुशर मागे असतो, पुढे बांधलेल्या बार्जची रांग. सगळ्यात पुढच्या बार्जच्या टोकाशी एक जण खुणा रंगवलेली लांब काठी घेऊन उभा राहतो. काठी पाण्यात सोडायची, तळ लागला की खूण बघायची, आकडा मागे ओरडून सांगायचा, काठी उचलायची, पुन्हा सोडायची. सुकाणूवरचा तांडेल त्या आवाजावर वेग कमी-जास्त करतो. जिंगा जवळ आलं की आकडे लहान होत जातात आणि काठी भराभर पडू लागते.