लॉबीतली साक्ष

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या वरणगावात बर्फावरच्या खेळाचं वेड लागावं, याचं घरच्यांना अजून नवल वाटतं. केबलवर रात्री उशिरा पाहिलेलं फिगर स्केटिंग मनात घर करून बसलं ते बसलंच. उड्यांइतकंच मला गुणांचं कुतूहल. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्राचा निकाल लागला की परीक्षकांवरून आठ-आठ दिवस वाद घालणाऱ्या मुलखातला मी. हे कुतूहल तिथूनच आलं असणार.

या खेळाच्या ग्रां प्री मालिकेची रचना सोपी आहे. १९९५ साली ती चॅम्पियन्स सिरीज या नावाने सुरू झाली. ऑक्टोबरपासून सहा देशांत सहा स्पर्धा होतात आणि एका खेळाडूला जास्तीत जास्त दोनच मिळतात. पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १३, तिसऱ्याला ११. दोन्हींची बेरीज करून प्रत्येक प्रकारातले पहिले सहा डिसेंबरच्या अंतिम फेरीत जातात. म्हणजे एक वाईट संध्याकाळ सगळा हंगाम घालवू शकते. पण खेळाडूचा पहिला नंबर आला, हे ठरवतं कोण? याच प्रश्नामागे जाताना मला सॅली स्टेपलफोर्ड भेटल्या.

या ब्रिटिश बाई स्वतः स्केटर. १९६५ च्या युरोपियन स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळालं होतं. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाच्या तांत्रिक समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. ११ फेब्रुवारीला सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकारात रशियाच्या बेरेझ्नाया-सिखारुलिद्झे यांनी कॅनडाच्या साले-पेलेटिए यांना नऊपैकी पाच परीक्षकांच्या कौलावर मागे टाकलं. त्या पाचांत फ्रान्सच्या मारी-रेन ल गून होत्या. हॉटेलच्या लॉबीत स्टेपलफोर्ड यांच्यापुढे त्यांना रडू कोसळलं. आपल्याच राष्ट्रीय संघटनेचा दबाव होता, असं त्या बोलून गेल्या. पुढे त्यांनी ते नाकारलं. पण लॉबीत ऐकलेलं स्टेपलफोर्ड यांनी दाबून ठेवलं नाही. कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आलं. ल गून आणि फ्रेंच संघटनेचे अध्यक्ष दिदिए गायाग्ये यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

त्याच वर्षी जूनमध्ये महासंघाच्या क्योतोच्या अधिवेशनात स्टेपलफोर्ड समितीच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरल्या. त्यांच्या जागी रशियाचे अलेक्सांद्र लाकेर्निक आले. खरं बोललेल्या बाईला तिच्याच घरात जागा उरली नाही, असं मी या पराभवाकडे पाहतो. २००३ मध्ये काही जणांसोबत त्यांनी वेगळा जागतिक महासंघ काढायची घोषणा केली. तो उभा राहिला नाही आणि जुन्या महासंघाची दारंही त्यांना बंद झाली.

सॉल्ट लेक सिटीच्या प्रकरणानंतर महासंघाने दोन उपाय केले. एक चांगला. ६.० पैकी गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली. प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला मूळ किंमत ठरली. परीक्षकांनी ती किती नेटकी झाली ते सांगायचं. २००३-०४ च्या ग्रां प्री मालिकेत ही पद्धत राबवून पाहिली गेली आणि २००४ मध्ये कायम झाली. दुसरा उपाय मला अजिबात पटलेला नाही. कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले, हेच लपवलं गेलं. नाव उघड राहिलं तर संघटना परीक्षकावर दडपण आणते, असं कारण दिलं गेलं. पण नाव झाकलं तर लबाडी करणाराही झाकला जातो! आपल्या गावातल्या भजन स्पर्धेतही परीक्षक समोर बसतो, आणि निकाल पटला नाही तर लोक त्याला तोंडावर विचारतात.

ही झाकाझाक २०१६ पर्यंत चालली. त्या वर्षी दुब्रोव्निकच्या अधिवेशनात ती रद्द झाली.

आता दर हिवाळ्यात ग्रां प्रीची गुणपत्रकं मी छापून घेतो. परीक्षक क्रमांक एक, दोन, तीन. दुसऱ्या कागदावर त्यांची नावं. जेवणं आटोपली की दोन्ही कागद शेजारी ठेवतो आणि एकेका रकान्यावरून बोट खाली नेत नावाशी आकडा जुळवत बसतो.