एका आकाशाची सोळा छायाचित्रे

गेल्या मे महिन्यात, अमावास्येच्या रात्री, माझ्या एका विद्यार्थ्याने सड्यावरील जुन्या क्रुसाचे छायाचित्र घेतले. क्रुसामागे आकाशगंगेचा पट्टा उमटला होता. परंतु चित्रभर रंगीत रवा पसरलेला. “सर, माझा कॅमेराच हलका आहे,” असे म्हणून तो चित्र पुसून टाकावयास निघाला. वास्तविक दोष कॅमेऱ्याचा नव्हता, प्रकाशच अपुरा होता.

ताऱ्यांचा प्रकाश अत्यंत क्षीण असतो. तो गोळा करण्यासाठी कॅमेरा फार वेळ उघडा ठेवावा, तर पृथ्वी फिरत असल्यामुळे ताऱ्यांचे ठिपके न उमटता रेघा उमटतात. रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगालाही १५ ते २० सेकंदांचीच मुभा असते. एवढ्याशा प्रकाशात रवा डोके वर काढतो. रेडिओवर दूरचे केंद्र लावले असता शब्दांत खरखर मिसळावी, तसाच हा प्रकार होय.

यावर उपाय सरासरीचा. वर्गातील सोळा मुलांना फळ्याची लांबी मोजावयास सांगितली, तर कोणाचे माप किंचित अधिक येते, कोणाचे उणे. परंतु सर्वांची सरासरी खऱ्या लांबीच्या जवळ जाते. त्याचप्रमाणे तारा प्रत्येक चित्रात असतो, रवा मात्र दर वेळी निराळा. चित्रांची चवड रचून सरासरी काढली की तारा टिकतो, रवा विरतो. चार चित्रांनी तो निम्मा होतो, सोळांनी चतुर्थांश, चौसष्टांनी अष्टमांश.

येथे एक अडचण उभी राहते. १५ सेकंदांची १६ चित्रे घेण्यास ४ मिनिटे लागतात. तेवढ्यात आकाश सुमारे १ अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या दोन व्यासांइतके सरकते. क्रूस मात्र जागीच असतो. म्हणून आकाश ताऱ्यांवर ताराे जुळवून एकत्र करावे, जमीन न हलविता वेगळी एकत्र करावी आणि शेवटी दोन्ही सांधावीत. ‘सीक्वेटर’ ही विनामूल्य संगणकप्रणाली हे काम करते. अट एकच : कॅमेरा तिपाईवर निश्चल हवा; चित्रे ‘रॉ’ स्वरूपात घेतलेली असल्यास उत्तम.

चवड रचल्यावर चित्र प्रथम फिकेच दिसते. मग काळोख थोडा गडद करावा, आकाशगंगा किंचित उजळावी आणि तेथेच हात आवरावा. दुसऱ्या गावचे आकाश आणून आपल्या क्रुसामागे चिकटविणेही संगणकाला सहज साधते. परंतु ते त्या रात्रीचे चित्र राहत नाही. सरासरीने आपण नवे काही निर्माण करीत नाही; त्या चार मिनिटांत जे खरोखर होते, तेच खरखरीतून सोडवून घेतो.

पुढच्या अमावास्येला तो मुलगा तोच कॅमेरा घेऊन पुन्हा सड्यावर गेला. या खेपेस त्याने चित्र पुसले नाही.