प्रत्येक वेळी पित्तच असतं असं नाही

दिवसभर कापूस वेचून घरी आलं, चूल पेटवली आणि एकाएकी दम लागला, घाम फुटला, मळमळलं, तर आपण काय म्हणतो? ‘पित्त झालं असेल.’ मग ओवा चावतो, सोडा पितो आणि आडवं होतो. पण हृदयविकाराचा झटकाही असाच येऊ शकतो.

हृदय म्हणजे शरीराला रक्त पुरवणारा पंप. त्यालाही स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात. त्यांत गुठळी अडकली, की ठिबकची नळी तुंबल्यावर पुढचं झाड सुकावं, तसा हृदयाचा तेवढा भाग निकामी व्हायला लागतो.

लक्षणं ध्यानात ठेवूया. छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं. ते दुखणं हातात, जबड्यात, पाठीत जाणं. थंड घाम, धाप, चक्कर, मळमळ, कधी नव्हे एवढा थकवा. बायकांमध्ये छातीपेक्षा बाकीचीच लक्षणं कधी कधी जास्त जाणवतात. साखरेचा आजार असेल तर कधी कधी दुखणं जाणवतही नाही.

अशा वेळी हातातलं काम सोडून बसायचं आणि लगेच 108 ला फोन लावायचा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. आजारी बाईला चालवत नेऊ नका. दवाखान्यात ईसीजी काढला की बरंच कळतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच चांगलं लागू पडतं. पैठणहून संभाजीनगरची घाटी पन्नासेक किलोमीटर. ‘सकाळी बघू’ म्हटलं, तर ते मोलाचे तास घरातच जातात.

झटका येऊच नये म्हणूनही आपल्या हातात बरंच आहे. मिसरी आणि तंबाखू सोडायची. दिवसाचं मीठ माणशी एक लहान चमचा, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत. त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं. तिशीनंतर उपकेंद्रात बीपी आणि साखर तपासून घ्यायची. बीपी पुन्हा पुन्हा 140/90 किंवा त्याहून जास्त भरला, तर डॉक्टरांना दाखवायचं. गोळी सुरू असेल तर बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करायची नाही.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीला आशाताईंना बोलवूया. वहीत हप्त्याशेजारी प्रत्येकीचा बीपीही लिहूया. घरादाराचं दुखणं आपण काढतो, आता एकमेकींचंही बघूया.