सेकंड हँड कार घेताय? '९ टक्के' व्याजाचं कर्ज १६ टक्क्यांना कसं पडतं, समजून घ्या

खर्डा हे जामखेड तालुक्याच्या टोकाचं गाव. एका बाजूला बीड, दुसऱ्या बाजूला धाराशिव. त्यामुळे इथे विकायला येणाऱ्या जुन्या गाडीची पाटी एमएच-१६ असेलच असं नाही. एमएच-२३, एमएच-२५ आणि पुण्याच्या एमएच-१२ च्या गाड्याही हातोहात फिरतात. गाडी बघताना आपण सोबत ओळखीचा मेकॅनिक नेतो, बोनेट उघडतो, टायर बघतो. कर्ज बघताना मात्र बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "हप्ता किती बसेल?"

तिथेच फसगत होते. हप्ता कमी दिसला म्हणजे कर्ज स्वस्त, असं नसतं.

फ्लॅट आणि रिड्यूसिंग, फरक किती?

समजा ३ लाखांचं कर्ज ४ वर्षांसाठी घ्यायचं आहे. फायनान्सवाला म्हणतो, "फक्त ९ टक्के." बँक म्हणते १२ टक्के. ऐकताना ९ टक्केच बरे वाटतात.

पण हे ९ टक्के 'फ्लॅट' असतील, तर पूर्ण ३ लाखांवर पूर्ण ४ वर्षं व्याज लागतं. म्हणजे वर्षाला २७,००० आणि ४ वर्षांचे १,०८,०००. एकूण ४,०८,००० भागिले ४८ महिने, हप्ता ८,५००.

बँकेचे १२ टक्के 'रिड्यूसिंग' म्हणजे उरलेल्या मुद्दलावर असतात. तुम्ही दर महिन्याला थोडं मुद्दल फेडता, तसं व्याजही कमी होत जातं. इथे हप्ता बसतो साधारण ७,९०० आणि एकूण व्याज ७९,२०० च्या आसपास. म्हणजे '९ टक्क्यांचं' कर्ज '१२ टक्क्यांच्या' कर्जापेक्षा सुमारे २८,८०० रुपयांनी महाग पडलं. ९ टक्के फ्लॅट हा दर रिड्यूसिंगच्या भाषेत मांडला, तर तो जवळपास १६ टक्के होतो.

कारण साधं आहे. दोन वर्षांनी निम्म्याच्या आसपास मुद्दल फिटलेलं असतं, तरी फ्लॅटमध्ये तुम्ही पूर्ण ३ लाखांचं व्याज भरतच असता. फायनान्सवाला खोटं बोलत नाही, पण पूर्ण सांगतही नाही.

मुदतीचंही असंच आहे. हेच ३ लाख १२ टक्के रिड्यूसिंगने ३ वर्षांत फेडले तर व्याज सुमारे ५८,७०० जातं, ५ वर्षांत फेडले तर १ लाखाच्या वर. पाच वर्षांचा हप्ता ६,६७३ इतकाच दिसतो म्हणून तो निवडला जातो. आधीच सहा-सात वर्षं पळालेल्या गाडीवर आणखी पाच वर्षं हप्ते म्हणजे शेवटी क्लच-सस्पेन्शनचा खर्च आणि ईएमआय एकत्रच येणार, हेही धरून चला.

एक कागद मागाच

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ मुदत कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक केलं आहे. बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या, सगळ्यांना. करारावर सही करण्याआधी हा कागद मिळायला हवा आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवा.

त्यात 'एपीआर' नावाचा आकडा शोधा. व्याज, प्रोसेसिंग फी आणि इतर शुल्क धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात, ते हा आकडा सांगतो. वरच्याच उदाहरणात बँकेने सुरुवातीलाच ९,००० कापून २,९१,००० हातात दिले, तर १२ टक्क्यांचं कर्ज साधारण १३.६ टक्क्यांना पडतं. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवा. फ्लॅट, रिड्यूसिंग, 'स्पेशल स्कीम' ही सगळी नावं मग गळून पडतात.

पतसंस्थेचा मामला वेगळा. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था गावोगावी आहेत, कर्ज लवकर मिळतं, ओळखही कामी येते. पण त्या रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे हा कागद तिथे हक्काने मिळेलच असं नाही. व्याज फ्लॅट की उरलेल्या मुद्दलावर, कर्जातून शेअर्सची रक्कम कापणार का, हे लिहून घ्या.

बँक किती देते?

तुम्ही ठरवलेल्या किमतीवर नाही, मूल्यांकनावर. समजा सौदा ४.५ लाखांना ठरला, मूल्यांकन ४ लाख आलं आणि बँक ८० टक्के देते. हातात येतील ३.२ लाख. उरलेले १.३ लाख तुमचे.

सौदा करण्याआधी नव्या गाडीची किंमतही एकदा तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या भावाने कोणी जुनी गाडी विकत असेल, तर घासाघीस करायला जागा आहे. शिवाय नव्या गाडीच्या कर्जाचा दर जुनीपेक्षा सहसा कमी असतो.

पगाराची स्लिप नसेल तर अडचण येते, पण मार्ग बंद होत नाही. आयकर विवरणपत्र, सातबारा, ८-अ उतारा, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे बँक खात्याचा उतारा. दुधाचे, उडीद-तुरीचे, कांद्याचे पैसे खात्यावर आलेले दिसले तर बोलणं सोपं जातं. उत्पन्न हंगामी असेल तर मासिकऐवजी सहामाही हप्ता मिळतो का, विचारा. सिबिल अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो आधीच काढून ठेवा.

'नोटरीवर' गाडी नको

स्वस्तातला एक प्रकार गावोगावी चालतो. गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज बाकी असतं. स्टॅम्प पेपरवर नोटरी होते, नवा माणूस गाडी नेतो आणि पुढचे हप्ते भरतो. आरसीवर नाव जुनंच.

यात दोघंही अडकतात. हप्ते थकले तर फायनान्स कंपनी गाडी उचलते, आणि तुमचं नाव तिच्या दप्तरी कुठेच नसतं. विकणाऱ्याचं तर जास्तच कठीण. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेकांच्या हातात गेली होती. अपघातानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच.

म्हणून टोकन देण्याआधी परिवहन विभागाच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. फायनान्सचा बोजा, विमा, थकलेले ई-चलन तिथे कळतं. बोजा असेल तर विकणाऱ्याच्या बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवाच. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, तुमच्या कर्जाची नोंद करायला फॉर्म ३४. खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. गाडी डीलरकडून घेत असाल तर आरटीओचं प्राधिकार प्रमाणपत्र बघायला मागा. १ एप्रिल २०२३ पासून ते लागतं.

आणि पांढऱ्या पाटीची गाडी कर्जावर घेऊन भाड्याने फिरवायचा विचार असेल, तर तो हप्त्याच्या हिशेबात धरू नका. ते बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

मुदतीआधी फेडायचं असेल तर

व्याजदर फ्लोटिंग असेल आणि कर्ज वैयक्तिक वापराचं असेल, तर बँक किंवा फायनान्स कंपनी मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावू शकत नाही. पण जुन्या गाडीचं कर्ज बहुतेक वेळा फिक्स्ड दराचं असतं. तिथे शुल्क लागतं, वर जीएसटी. ते किती, हे सही करण्याआधीच विचारायचं. हप्ता चुकला तर दंड लागेल, पण १ एप्रिल २०२४ पासून तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

शेवटचा हप्ता गेला की बँकेकडून नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्या आणि आरटीओत बोजा उतरवून घ्या. तो आपोआप निघतोच असं नाही. राहिला तर पुढच्या वेळी गाडी विकताना तुमच्यासमोरचा गिऱ्हाईक ॲपवर नंबर टाकेल आणि त्याला तुमच्या बँकेचं नाव अजून दिसेल.