तांब्याची नाणी जमवताय? आधी चिंच बाजूला ठेवा

जुन्नरजवळच्या नाणेघाटात एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. अशा आपल्या जुन्नर-आंबेगावात कुणी विचारलं, ‘तांब्याची नाणी जमवायचीत, सुरुवात कुठून करू?’ तर माझं उत्तर ठरलेलं आहे: बाजारातून नको, आपल्याच देवघरातून करा.

आमच्या घोडेगावच्या घरी देव्हाऱ्यात एक शिवराई होती. सणावाराला ती देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासली जायची. मी नववीत असताना हौसेने वर राखही लावली. आजी म्हणाली, "कशी लख्ख झाली बघ!" झाली खरी, पण ‘छत्र’ पार पुसलं गेलं, ‘पति’ तेवढं उरलं. ते आता परत येणार नाही.

म्हणून पहिला नियम: घासायचं नाही. तांब्यावरचा तपकिरी-काळपट थर म्हणजे मळ नव्हे, नाण्याचं ते कवच आहे. चिंचेतलं आम्ल ते खातं आणि राखेने अक्षरं झिजतात. नाणं कडेला धरा, कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवा. हिरवी भुकटी सुटत असेल, तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा.

दुसरं, नाणं वाचायला शिका. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ असतं. हा मजकूर पेशवाईतही चालू राहिला. म्हणजे हातात आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातलीच असेल, असं नाही. मागे दोन आडव्या रेघा दिसल्या, तर ती दुदांडी, पेशवाईतली. एवढं कळलं तरी विकणारा काय सांगतोय, ते तपासता येतं.

तिसरं, फसू नका. रामदरबार किंवा मारुती आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेली नाणी लाखांची म्हणून दाखवतात. कंपनीने अशी नाणी चलनात कधी आणलीच नव्हती. सरावासाठी व्हिक्टोरिया राणीचा पाव आणा घ्या. रुपयाला असे ६४ यायचे. १९०६ पासून तो तांब्याऐवजी काशाचा झाला, म्हणून साल बघायची सवय लागते.

शेवटचं, नांगरताना नाणी सापडली तर? वाटून घेऊ नका, वितळवू तर नकाच. १८७८ च्या कायद्याने जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा राहू द्या, पण कुठल्या शेतात, किती खोल, कशाबरोबर सापडलं, हे गेलं की नाण्याची अर्धी गोष्ट जाते.

तेव्हा आज एक वही करा. नाणं कुणाचं, कुठून आलं, घरातलं कोण काय सांगतं, ते लिहा. आणि हो, आजीला आधी विचारा. भेटूया पुढच्या भागात.