बाभळीच्या काट्यांचा मिथेन

पातूरहून सकाळच्या एसटीनं अकोल्याला बीएस्सीला जाणाऱ्यांनो, मिथेनच्या दोन बंधांत कोन किती? 109.5 अंश, हे पाठच असेल. आता वहीतली आकृती बघा. अधिकच्या चिन्हासारखी, कोन सरळ 90. काऊन? कारण कागद सपाट आहे, रेणू नाही. स्टिरिओकेमिस्ट्री डोक्यावरून जाते ती इथंच. मग आर-एसचे नियम घोकायचे आणि पेपर झाला की विसरायचे.

विकतचं मॉडेल किट नसलं तरी अडत नाही. पोळ्याच्या बैलांसाठी मळतो तसल्या मातीचा गोळा घ्या आणि त्यात बाभळीचे चार काटे एकमेकांपासून होता होईल तेवढे लांब खोचा. तीन काट्यांवर उभा राहील, चौथा वर. झाला मिथेन. आता टोकांना भिजवलेले हरभरा, वाटाणा, तूर, मूग लावा. आरशात दिसतो तसा दुसरा करा आणि दोघांचे चारही दाणे जुळवून दाखवा. कितीही फिरवा, जुळत नाहीत! उजवी चप्पल डाव्या पायात घालण्यातला प्रकार. कार्व्होनचा रेणू असाच जोडीनं सापडतो: एक पुदिन्यात, दुसरा बाळंतशेपांत. अणू तेच, जोडणी तीच, पण नाकाला फरक बरोबर कळतो.

मोबाइलवरचं ॲनिमेशनही रेणू फिरवून दाखवतं, पण हातानं जुळवताना होणारी फजिती त्यात नाही.

1865 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हॉफमन यांनी क्रोकेच्या चेंडूंचे रेणू दाखवले. काळा कार्बन, पांढरा हायड्रोजन, लाल ऑक्सिजन हे किटमधले रंग तेव्हापासूनचे. गंमत म्हणजे त्यांचा मिथेनही सपाटच होता! चार दिशांना हात पसरलेला कार्बन 1874 मध्ये व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी वेगवेगळा मांडला. व्हांट हॉफनं तर कागदी मॉडेल्स करून शास्त्रज्ञांना पाठवली. कोल्बेसारख्या बुजुर्गानं त्याची जाहीर टर उडवली. 1901 चं रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल व्हांट हॉफलाच मिळालं, ते मात्र दुसऱ्या कामासाठी.

आपल्याकडे हे काम स्वस्तात केलं अरविंद गुप्तांनी. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असताना 1978 मध्ये ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथं सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाड्या जोडून आकार बनवू लागले. पुढं पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रात त्यांनी अशीच खेळणी केली.

मिथेन जमला की सायक्लोहेक्झेन करा. सहा गोळे लागतील, माती जरा आवळू द्या. कोन सांभाळलेत तर खुर्चीचा आकार आपोआप येतो. सपाट षटकोन करायला गेलात, तर काटे उपटून हातात येतील.