तोंडचे पाणी

‘तोंडचे पाणी पळणे’ हा वाक्प्रचार गेली अठरा वर्षे मी वर्गात शिकवीत आलो. त्याचा शब्दशः अनुभव आला तो मात्र तीन वर्षांपूर्वी! घशाच्या कर्करोगासाठी सात आठवड्यांत पस्तीस वेळा किरणोपचार झाले. रोग हटला, पण तोंडचे पाणी जे पळाले, ते काही परतेना.

आपल्या मराठीने लाळेला कधी मान दिला नाही. खुशामत करील तो लाळघोट्या, हावरट असेल त्याची लाळ गळते. तिची थोरवी कळते ती गेल्यावर. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली असलेल्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या हे काम मुकाट्याने करीत असतात. घशावर किरण सोडताना नेमक्या त्या वाटेत सापडतात. अलीकडे किरणांची मात्रा अशी बेताने वळवतात की, कानापुढच्या ग्रंथी बऱ्याच वाचतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत, वर्षभरानंतर जुन्या पद्धतीच्या ७४ टक्के रुग्णांना बऱ्यापैकी कोरड होती. नव्या पद्धतीच्या ३८ टक्क्यांना. म्हणजे नव्या पद्धतीतही कित्येकांची सुटका नाहीच.

माझा तर धंदाच बोलण्याचा. दहा मिनिटे शिकवले की जीभ टाळूला चिकटे. मुले मान खाली घालून वहीत पाहत, मी बाटली शोधी. घरी पोहे भुशासारखे लागत. रात्री चार-चार वेळा जाग येई. नोकरी सोडावी, असेही मनात येऊन गेले.

अशा वेळी रुग्णालयात तपासणीसाठी बसलो असता शेजारच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी आपला अंगठा जबड्यावर टेकवून म्हटले, “मास्तर, हे करून पाहा. पैसे पडत नाहीत.” डॉक्टरांना विचारले. ते हसून म्हणाले, “खुशाल करा. पण पाण्याची बाटली टाकू नका.”

कृती सोपी आहे. दात आवळले की जबड्याच्या कोनापुढे स्नायूचा उंचवटा हाताला लागतो. ती पहिली जागा. दुसरी खालच्या ओठाखालच्या खळगीत, मधोमध. तिसरी हाताच्या पंजावर, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात. चौथी गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या किंचित बाहेर. प्रत्येक जागी एक-दोन मिनिटे, सोसेल इतकाच दाब देऊन अंगठा हळूहळू फिरवायचा. किरणांनी हुळहुळलेली कातडी, जखम किंवा गाठ असेल तिथे हात लावायचा नाही. रक्तस्राव लवकर होत असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गर्भवतींनी हाताची जागा टाळावी.

आता मास्तर म्हणून खरे ते सांगतो. २०१९ साली ह्यूस्टन व शांघाय येथील ३९९ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. किरणोपचार चालू असतानाच काहींना खऱ्या सुया टोचल्या, काहींना नुसत्या नावाच्या, तर काहींना नेहमीचेच उपचार दिले. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांपेक्षा खऱ्या सुयांच्या रुग्णांना वर्षाने कोरड कमी होती. शांघायमध्ये खऱ्या-खोट्या सुयांतला फरक स्पष्ट दिसला, ह्यूस्टनमध्ये मात्र तसा दिसला नाही! आणि या झाल्या जाणत्या हातांच्या सुया. आपल्या अंगठ्याच्या बाजूने पुरावा याहूनही तोकडा आहे. म्हणून कुणी याला रामबाण म्हणून विकू लागला, तर त्याच्यापासून दूर राहावे.

आणि खरी कामे विसरू नयेत. लाळ नसली की दात झपाट्याने किडतात. फ्लोराइडची पेस्ट वापरावी, दंतवैद्याकडे नियमाने जावे आणि किरणोपचार झाल्याचे सांगितल्याशिवाय दात मुळीच काढू देऊ नये. तंबाखू, सुपारी, मिश्री, मद्य यांना कायमची रजा द्यावी. साखर नसलेले च्युइंगम चघळावे. लाळ वाढवणारी औषधे आहेत, परंतु ती डॉक्टरांनीच द्यायची.

माझी लाळ किती वाढली हे मी मोजलेले नाही. पूर्वी एका तासात दहा वेळा पाणी प्यावे लागे, आता चार-पाच वेळा पुरते. गुण अंगठ्याचा की काळाचा, कोण सांगणार? पण ज्या दुखण्यापुढे मी हात टेकले होते, तिथे हाताला काही काम मिळाले, हे काय थोडे झाले? नोकरी चालू आहे.

यंदा फराळाला सौ. माझा चिवडा दह्यात कालवून देणार आहे. मी चकली चहात बुडवतो, त्याला धाकटी हसते; हसू दे बापडी. बेसनाचा लाडू मात्र अजून टाळूला चिकटतो. त्यावर अंगठ्याचा इलाज नाही. कोमट चहाचा घोट आहे.